मोहरीची पिशवी

परळ-लालबागच्या चाळींत ‘टाटाला नेलंय’ एवढं कानावर आलं की पुढे कुणी काही विचारत नसे. २८ फेब्रुवारी १९४१ ला परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. गिरण्यांचे भोंगे, केईएमची गर्दी आणि टाटाची ती इमारत यांच्या मधल्या गल्ल्यांत आमचं घराणं वाढलं. त्यामुळे कर्करोगाच्या गोष्टी आम्हां पोरांच्या कानावर फार लवकर पडल्या. पण घरातल्या त्या गोष्टी रोगाच्या नसत, वस्तूंच्या असत. सुताच्या, रबराच्या, कापसाच्या, मोहरीच्या.

सांगणारी माणसं दोन. नानाआजोबा, म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात ड्रेसर होते. आणि आक्काआजी ही त्या दोघांची थोरली बहीण. तिचा डावा स्तन साठच्या दशकात काढला गेला. नानांना बोलायला आवडे, आक्काला नाही. पण दोघांचंही लक्ष एकाच गोष्टीवर असे : अंगाला काय लावलं, अंगात काय घातलं, आणि अंगानं ते कसं घेतलं. आज बायोमटेरियल म्हणून ज्यावर जगभरच्या प्रयोगशाळा झटत आहेत, त्या विद्येचे पहिले धडे मला या दोघांकडून मिळाले.

नानांचं जग म्हणजे थिएटरच्या मागची खोली. शस्त्रक्रिया संपली की वापरलेले रबरी हातमोजे त्यांच्याकडे येत. तेव्हा मोजे फेकून देण्याची चैन नव्हती. ते धुवायचे, एकेका मोज्यात पाणी भरून बोटं दाबून बघायची, कुठे थेंब फुटतो का. भोक सापडलं की आतून रबराचा बारीक तुकडा सोल्यूशनने चिकटवायचा, वाळवायचा, पावडर मारायची, जोडी लावून कापडात गुंडाळायची आणि वाफेच्या भांड्यात ठेवायची. डाव्या हाताचा मोजा उजव्याशी गुंडाळला गेला तर सर्जन थिएटर डोक्यावर घेई. टाके घालायला दोन तऱ्हेचे धागे असत. एक रेशमाचा, तो रिळावर गुंडाळून उकळायचा. दुसरा कॅटगट, मेंढीच्या आतड्यापासून बनवलेला. तो काचेच्या बंद नळीत द्रवात बुडवलेला येई, आणि नळी गॉजमध्ये धरून फोडावी लागे. रेशीम अंगात तसंच राहायचं, कॅटगट विरघळायचा. कधी विरघळेल याचा मात्र भरवसा नसे. कुणाच्या अंगात तो आठवड्यातच ढिला पडे, कुणाच्या अंगात जखमेभोवती लाली धरून बसे. नाना म्हणत, “अंगात ठेवलेली परकी वस्तू आज ना उद्या हिशेब मागते.”

या हातमोज्यांचा आणि स्तनाच्या शस्त्रक्रियेचा जन्म एकाच माणसाच्या थिएटरात झाला, हे नानांना ठाऊक नव्हतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॅल्स्टेड नावाचे सर्जन होते. त्यांच्या थिएटरातल्या मुख्य परिचारिका कॅरोलिन हॅम्पटन यांच्या हातांना जंतुनाशक रसायनाने पुरळ उठू लागलं. १८८९-९० च्या हिवाळ्यात हॅल्स्टेडनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले. १८९० मध्ये दोघांचं लग्न झालं. मोजे मात्र थिएटरात राहिले, आणि हळूहळू सगळ्या जगाच्या हातांत चढले. त्यांवर मारायच्या पावडरीचा हिशेब फार उशिरा लागला. आधी टाल्क असे, ती जखमेत पडली की अंग तिच्याभोवती गाठी करू लागे. मग मक्याच्या पिठाची आली, तीही निर्धोक नव्हती. २०१७ पासून अमेरिकेने पावडरीच्या मोज्यांवर बंदीच घातली. नाना मोज्यांवरून हात फिरवून जास्तीची पावडर झटकत, ती सवय किती शहाणपणाची होती!

याच हॅल्स्टेडनी १८९४ मध्ये आपल्या पन्नास रुग्णांचा वृत्तान्त छापला आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरच्या बायकांचं नशीब ठरवून टाकलं. कर्करोग गाठीपासून चहूकडे पसरत जातो, तेव्हा जितकं मुळापासून काढाल तितकं बरं, असा त्यांचा सिद्धान्त. म्हणून पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी असं सगळं एकसंध काढायचं. त्या काळात बाईच्या हातात येणारी गाठ बहुतेक वेळा फार वाढलेली असे, त्यामुळे या शस्त्रक्रियेने अनेकींना काही वर्षं तरी मिळाली हेही खरं. पण गाठ लिंबाएवढी असो की वाटाण्याएवढी, सगळ्यांना तीच शस्त्रक्रिया होऊ लागली.

आक्कालाही तीच झाली. “गाठ काढायची आहे” एवढंच तिला सांगितलं होतं. कागदावर सही यजमानांनी केली. शुद्धीवर आली तेव्हा छातीवर पट्ट्यांचा घट्ट वेढा होता, कडेने पन्हळी रबराची पट्टी बाहेर काढलेली होती, तिच्यावाटे पाणी गॉजमध्ये झिरपत होतं. जे गेलं त्याबद्दल तिच्याशी कुणी बोललं नाही. डॉक्टर नाही, घरचेही नाहीत. पुढे जखम भरली तेव्हा कातडीखाली फासळ्या मोजता येत, असं माझ्या आईने मला सांगितलं. आक्काने स्वतः मला सांगितली ती बांगड्यांची गोष्ट. काखेतल्या लसिकाग्रंथी गेल्या की हातातल्या द्रवाची वाट बंद होते आणि हात सुजतो. दर श्रावणात कासार दारी आला की ती एका हाताला दोन-चारच्या आणि दुसऱ्याला दोन-आठच्या बांगड्या भरून घेई. कासाराला डझनातून अर्ध्या अर्ध्या द्याव्या लागत, तो कुरकुर करी. आक्का पैसे दोन्ही डझनांचे देई, आणि उरलेल्या बांगड्या शेजारच्या पोरींच्या हातांत जात.

हात वर जावा म्हणून एका परिचारिकेने तिला एक व्यायाम शिकवला होता. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची. जिथवर बोट पोचेल तिथे आक्का पेन्सिलने रेघ मारी. मोरीशेजारच्या त्या भिंतीवरच्या रेघा मी पाहिल्या आहेत. खालच्या दाट, एकमेकींना चिकटलेल्या, मग विरळ होत गेलेल्या, आणि शेवटची फळीवरच्या डब्याच्या उंचीला, कारण तो डबा काढता आला की तिचं काम भागत होतं. हाच व्यायाम न्यूयॉर्कच्या टेरेसे लॅसर यांनी १९५२ नंतर किती बायकांच्या खाटेशी जाऊन शिकवला! त्यांची स्वतःची हीच शस्त्रक्रिया झाली होती आणि नंतर कसं जगायचं ते सांगायला कुणी आलं नव्हतं. म्हणून त्यांनी ‘रीच टु रिकव्हरी’ ही चळवळ उभी केली. इस्पितळात जाताना त्यांच्या पिशवीत दोरी, चेंडू आणि चोळीत घालायचा तात्पुरता उशीचा तुकडा असे.

आक्काला तो तुकडा कुणी आणून दिला नाही. तिने तो स्वतः केला.

पहिला केला कापसाचा. तो हलका पडला आणि वर सरकू लागला. शिवाय एका बाजूचं वजन गेल्यामुळे खांदा उचलला जाऊन पाठ दुखत होती, ते दुखणं कापसाने जाईना. तेव्हा वजन हवं हे तिच्या ध्यानात आलं. तिने तांदूळ घालून बघितले. ते टोचत आणि पावसाळ्यात किडत. नाचणी घातली, तिची भुकटी शिवणीतून बाहेर येई. मोहरी मात्र जमली. गोल, गुळगुळीत, जड. वाकलं की पुढे घरंगळते, ताठ उभं राहिलं की खाली बसते, निजलं की पसरते. वाण्याकडून पावशेराहून थोडी जास्त तोलून आणायची, मंद आचेवर भाजायची म्हणजे घामाच्या ओलीने मोड येत नाहीत. आतली पिशवी मांजरपाटाची, घट्ट विणीची, म्हणजे दाणा सुटत नाही. वरचं अस्तर जुन्या नऊवारीच्या झिजून मऊ झालेल्या सुताचं, म्हणजे व्रणाला लागत नाही. टोकाला थोडा शेवरीचा कापूस. चोळीला आतून खिसा. दर थोड्या दिवसांनी मोहरी उन्हात घालायची, पावसाळ्यात चुलीच्या उबेला. पिशव्या दोन, एक अंगात आणि एक वाळत.

घनता, प्रवाहीपणा, आर्द्रता, त्वचेशी घर्षण, निर्जंतुकीकरण. आज एखादी संशोधिका प्रयोगशाळेत जे जे मोजेल, ते सगळं आक्काने लालबागच्या खोलीत, कुणालाही न सांगता, स्वतःच्या अंगावर तपासलं होतं. हे मी तिच्या कौतुकासाठी म्हणत नाही, खरोखर हे तसंच आहे. १९७० मध्ये बार्बी बाहुलीच्या जनक रूथ हँडलर यांचा स्तन काढला गेला, तेव्हा दुकानात मिळणारे कृत्रिम स्तन त्यांना अगदीच ओबडधोबड वाटले. त्यांनी पेटन मॅसी या कारागिराला हाताशी धरून सिलिकॉनचे नवे घडवले, डाव्या बाजूचे वेगळे, उजव्याचे वेगळे, आणि ‘नियरली मी’ या नावाने विकले. त्यांच्याकडे पैसा होता, कारखान्याचा अनुभव होता. आक्काकडे मोहरी होती. प्रश्न दोघींचा एकच होता.

नानांची आवडती गोष्ट मात्र पुण्याची. पेशव्यांच्या राज्यात एका शिपायाचं नाक कापलं आणि पुण्याच्या एका कुंभाराने कपाळाच्या कातडीचं नवं नाक त्याला लावलं; औषध काय, तर पानाला लावतो तो कात! नानांनी ही गोष्ट एका सर्जनच्या तोंडून ऐकली होती. आम्हांला ती गोष्टीतलीच वाटे. पुढे मी छापील वृत्तान्त मिळवून वाचला तेव्हा तपशील थोडे वेगळे निघाले, पण गोष्ट खरी निघाली. माणसाचं नाव कावसजी. तो शिपाई नव्हता, इंग्रज फौजेत बैल हाकणारा होता. टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात तोडला. पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्या एका कारागिराने त्याला नाक करून दिलं, आणि दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं. जेम्स वेल्स या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात हे सगळं छापून आलं.

त्यातला कामाचा तपशील वाचण्यासारखा आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा घेऊन नाकाच्या जागी नाकाच्या आकाराचा बसवायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ आखायची. तेवढी कातडी सोडवून घ्यायची, पण दोन डोळ्यांच्या मधोमध एक पट्टी जोडलेलीच ठेवायची. कातडी फिरवून खाली आणायची आणि नाकाच्या जागी बसवायची. कात पाण्यात कालवून कापडाच्या चिंध्यांना लावायचा आणि पाच-सहा चिंध्या एकावर एक सांध्यावर चिकटवायच्या. चार दिवस दुसरं काही नाही. मग तुपात भिजवलेली फडकी. साधारण पंचविसाव्या दिवशी ती मधली पट्टी कापायची, कारण तोवर कातडी नव्या जागी रुजलेली असते. मेणाचा साचा, काताचा लेप, तुपाची पट्टी : परक्या वस्तू तीन, आणि तिन्ही आपलं काम करून निघून जाणाऱ्या. अंगात जे राहिलं ते त्या माणसाचं स्वतःचंच. १८१४ मध्ये जोसेफ कार्पू यांनी लंडनमध्ये हीच रीत वापरली आणि ती युरोपभर गेली.

रक्तवाहिनीशी नातं न तोडता कातडी फिरवून आणायची, ही त्या कारागिराची युक्ती. स्तनाच्या पुनर्रचनेतही ती उपयोगी पडली. १९०६ मध्ये इटलीतले इजिनियो तान्सिनी यांनी पाठीचा रुंद स्नायू कातडीसकट काखेतून पुढे आणला आणि छातीची उघडी जखम झाकली. पण हॅल्स्टेडच्या दबदब्यापुढे तान्सिनींची रीत मागे पडली आणि सत्तरच्या दशकापर्यंत तशीच पडून राहिली. त्या सत्तर वर्षांत किती आक्का होऊन गेल्या असतील! १९८२ मध्ये अटलांटाच्या कार्ल हार्ट्राम्फ यांनी पोटावरची कातडी आणि चरबी स्नायूसकट वर आणून नवा स्तन घडवला. आता स्नायू जागेवर ठेवून नुसत्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. तासन्‌तास चालणारी, कसबाची शस्त्रक्रिया आहे ती, आणि ती करणारे हात आपल्याकडे मोठ्या शहरांतच एकवटलेले आहेत.

दुसरी वाट अंगाबाहेरच्या पदार्थाची. तिचा इतिहास वाचताना नानांचं वाक्य पुन्हा पुन्हा आठवतं. एकोणिसावं शतक संपताना व्हिएन्नामध्ये पॅराफिनचं मेण टोचून बघितलं गेलं. त्याच्या गाठी झाल्या. १९५० च्या दशकात स्पंज बसवले. ते आकसून दगडासारखे झाले. मग ह्यूस्टनच्या फ्रँक गेरो यांच्या हाताला रक्ताची प्लॅस्टिक पिशवी लागली आणि तिच्या मऊपणावरून त्यांना सिलिकॉनची कल्पना सुचली. १९६२ मध्ये त्यांनी आणि टॉमस क्रोनिन यांनी टिमी जीन लिंडसे यांच्या छातीत पहिली सिलिकॉनची पिशवी बसवली. या बाईंना कर्करोग नव्हता. त्या गोंदण काढून घ्यायला इस्पितळात आल्या होत्या.

शरीर परक्या वस्तूला मारू शकलं नाही की तिला कोंडतं. भक्षक पेशी तिला वेढतात, मग तंतुपेशी येऊन कोलॅजेनचा पापुद्रा विणतात. सिलिकॉनभोवतीही असं वेष्टन तयार होतंच. काहींच्या अंगात ते पातळ राहतं, काहींच्या अंगात आवळत जाऊन दुखतं. ते आवळू नये म्हणून पिशवीचा पृष्ठभाग खरखरीत केला. त्यातल्या काही खरखरीत पिशव्यांभोवती फार थोड्या बायकांत, पण नि:संशय, एक वेगळाच लसिकापेशींचा कर्करोग आढळला, आणि २०१९ मध्ये त्या बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. त्याआधी २०१० मध्ये फ्रान्सची पीआयपी ही कंपनी माणसाच्या अंगासाठी मान्यता नसलेलं औद्योगिक सिलिकॉन भरते हे उघड झालं, तिचा मालक तुरुंगात गेला. अमेरिकेने १९९२ मध्ये सिलिकॉनच्या पिशव्यांवर निर्बंध आणले होते, ते चौदा वर्षांनी उठवले. मधल्या काळात, १९९९ मध्ये, तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सगळा पुरावा तपासला. सर्वांगाच्या व्याधींशी संबंध सापडला नाही; आवळणं, फुटणं, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणं ही जागेवरची दुखणी मात्र खरी ठरली. कितीतरी बायकांना या पिशव्यांनी समाधानाने आरशासमोर उभं केलं, हे मी विसरत नाही. पण या पदार्थाची खरी परीक्षा बायकांच्या अंगात, तो विकायला लागल्यानंतर झाली, ही गोष्ट मला क्षम्य वाटत नाही.

माझ्या धाकट्या काकूला गाठ लागली तेव्हा आक्का नव्हती, पण नाना होते. खूप थकलेले, काठी घेऊन चालणारे. काकूचा स्तन काढावा लागला नाही. गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढला, मग किरणोपचार. हे शक्य झालं ते मिलानचे उंबेर्तो व्हेरोनेसी आणि पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांच्यामुळे. हॅल्स्टेडचा सिद्धान्त तपासायचा तर बायकांच्या दोन गटांची प्रामाणिक तुलना करायला हवी, हा त्यांचा आग्रह. १९८१ आणि १९८५ मध्ये निकाल आले : सुरुवातीच्या गाठीत थोडंच काढून किरणोपचार दिले, तरी बाई तितकीच जगते. काकूच्या जखमेच्या तळाशी टायटेनियमच्या बारीक क्लिपा ठेवल्या होत्या, किरण नेमके कुठे सोडायचे त्याच्या खुणा म्हणून. नाना भेटायला गेले तेव्हा त्यांनी डॉक्टरांना प्रकृतीबद्दल विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “आत टाका कुठला घातलाय?” डॉक्टर तरुण होते, पण माणूस ओळखणारे. त्यांनी रिकामं पाकीटच आणून नानांच्या हातात दिलं.

त्या पाकिटातल्या धाग्याची जात सत्तरच्या दशकात आली. ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लाच्या साखळ्यांपासून केलेला हा धागा पेशींच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही, अंगातल्या पाण्यानेच ठरल्या वेळात तुटत जातो. कॅटगटचा लहरीपणा त्यात नाही. याच जातीच्या बहुवारिकात पुढे औषध मिसळलं गेलं. पाळी चालू असलेल्या काही रुग्ण बायकांना पोटाच्या कातडीखाली गोसेरेलिनची तांदळाएवढी कांडी टोचतात. ती विरघळत जाते आणि २८ दिवस थोडं थोडं औषध सोडते. टाका घालणारी वस्तू औषध वाहू लागली, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर कलाटणी वाटते.

आता याच विचाराने स्तन पुन्हा घडवण्याचे प्रयत्न चालले आहेत. ऑस्ट्रेलियात पॉलिकॅप्रोलॅक्टोन या विरघळणाऱ्या पदार्थाचा जाळीदार सांगाडा त्रिमिती छपाईने करतात, तो छातीत बसवतात, आणि त्यात बाईच्याच अंगातली चरबी भरतात. चरबीत रक्तवाहिन्या शिराव्यात आणि सांगाडा दोन-तीन वर्षांत नाहीसा व्हावा, अशी योजना. चाचण्या अजून चालू आहेत. प्राण्याच्या वा माणसाच्या त्वचेतल्या पेशी धुऊन काढून उरलेली कोलॅजेनची चादर पिशवीला आधार म्हणून वापरतात. ती महाग आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून तशीच चादर जखमांसाठी बनवली, ‘कोलेडर्म’, आणि २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. ज्या देशात याच संस्थेने परवडणारी हृदयाची झडप केली, तिथे स्तनासाठी लागणारी चादरही व्हायला हरकत नाही.

काकूला त्रास झाला तो किमोचा. पॅक्लिटॅक्सेल द्यायच्या आदल्या रात्री स्टेरॉइडच्या गोळ्या, सकाळी पुन्हा इंजेक्शनं. का, तर ते औषध पाण्यात विरघळत नाही. ज्यात विरघळवतात ते द्रावण एरंडेलापासून केलेलं असतं, आणि त्याच्याच रिअ‍ॅक्शन येऊ शकतात. ते द्रावण साध्या पीव्हीसीच्या सलाइन नळीतलं रसायनही ओढून घेतं, म्हणून नळी वेगळी लागते. म्हणजे औषध एक, आणि त्रास वाहनाचा. पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून हे औषध वेगळं काढून त्याची रचना १९७१ मध्ये ज्या दोघांनी मांडली, त्यांतले एक मनसुख वाणी. नंदुरबारला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले, आणि नॉर्थ कॅरोलायनात मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करणारे. नंदुरबारच्या या माणसाचं नाव आपल्या शाळांच्या पुस्तकांत ठळकपणे असायला हवं. २००५ मध्ये एरंडेल टाळण्याचा मार्ग आला. औषध अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनाच्या, साधारण १३० नॅनोमीटरच्या कणांवर बसवलं. पदार्थ बदलला आणि गोळ्यांची ती रात्र टळली. काकूला तेव्हा ते परवडलं नाही.

२०२५ मध्ये आयआयटी गुवाहाटी आणि कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटने एक हायड्रोजेल जाहीर केलं. ते गाठीपाशीच टोचायचं. ग्लुटाथायोन हा रेणू गाठीत जास्त असतो, त्याच्या संपर्कात आलं की जेल औषध सोडतं, बाकीच्या अंगात औषध फारसं जात नाही. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत, बायकांपर्यंत यायला वेळ आहे. आणि टाटाने २०२३ मध्ये दाखवलेली गोष्ट त्याहून साधी. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं, तेच, दात काढताना देतात ते. जवळजवळ सोळाशे बायकांच्या चाचणीत पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. हे औषध तालुक्याच्या दवाखान्यातही असतं. परळच्या त्या इमारतीतून निघालेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण ते पहिल्या दिवसापासून गरीब बाईच्या आवाक्यात आहे.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा रोग होतो. त्यांच्यातल्या फार मोठ्या संख्येचा स्तन अजूनही पूर्ण काढावा लागतो, कारण गाठ उशिरा दाखवली जाते. त्यांच्यापुढे पुनर्रचनेचा विषय बहुतेक वेळा निघतच नाही, किंवा ‘हौसेची शस्त्रक्रिया’ म्हणून बाजूला सारला जातो. अमेरिकेने १९९८ मध्येच कायदा केला : विमा स्तन काढण्याचा खर्च देत असेल, तर पुनर्रचनेचा आणि कृत्रिम स्तनाचाही दिला पाहिजे. आपल्याकडे विमा नियामकाने आरोग्य विम्यातल्या अपवादांची जी ठरावीक भाषा लागू केली आहे, तिच्या आठव्या कलमात सौंदर्यशस्त्रक्रिया वगळली आहे. पण अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना त्या वगळण्यातून स्पष्टपणे सोडवली आहे. हे कलम बायकांना कुणी वाचून दाखवत नाही.

म्हणून, तुमच्या घरात कुणाची ही शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ती होण्याआधी पॉलिसी काढा आणि ते कलम वाचा. डॉक्टरांना चार गोष्टी आधीच विचारा : स्तन वाचवता येईल का, पुनर्रचना याच वेळी करता येईल का आणि आत काय बसवणार, काखेतल्या किती ग्रंथी काढाव्या लागतील, आणि हाताचा व्यायाम कोणत्या दिवसापासून सुरू करायचा. विचारताना तिला शेजारी बसवा, आणि सही तिची घ्या.